तुलनेतली कोमाद्रे

डॉक्टर रेन्सोंनी वही उघडली. ते रोगी तपासत नाहीत, वेलेस शहरात शिकून आलेल्या माणसाला आम्ही डॉक्टरच म्हणतो. ते तपासायला आले होते आमचा गुरुवारचा वर्ग. पेरूच्या वड्या करणाऱ्या वीस भट्ट्या. चिठ्ठ्या टाकून त्यातल्या दहा मालकिणींना वर्ग मिळाला. माणसं कशी सांभाळावीत, काम कसं वाढवावं, असलं शिकवायचे. उरलेल्या दहाजणी नुसत्या तुलनेला. दोन्ही गटांत फरक दिसला नाही तर वर्ग बंद. माझे अजून दोन गुरुवार राहिले होते आणि मला ते हवेच होते.

माझ्याकडे आधी दिवसाला पानांत बांधलेल्या वड्यांच्या चाळीस पेट्या व्हायच्या, आता बावन्न. कारण साधं. सकाळी कढईभोवती उभं राहून बायकांनाच विचारायचं, आज काय अडतंय? आणि ओरडायचं नाही. वीस वर्षं मी फुकट घसा बसवून घेतला.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता शेजारी."

शेजारी ओदिलिया. माझ्या लेकीची धर्ममाता, म्हणजे माझी कोमाद्रे, आणि ती तुलनेतली. वर्गातलं बाहेर सांगणार नाही अशी मी सही केली होती. पण कोमाद्रेपासून काय लपवायचं? त्यात माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

तिच्याकडे एकावन्न पेट्या निघाल्या.

"वर्गाशिवाय?" डॉक्टरांचं पेन थांबलं. "मग वर्गाचा उपयोग काय?"

गप्प बसले तर वर्ग बुडतो, बोलले तर मी.

"मी शिकवलं हिला," मी म्हटलं. "दर गुरुवारी, पेरू चिरता चिरता."

"आणखी कुणाला?"

"कुण्णाला नाही, शपथ!"

"अगं, पण मी सांगितलं ना ग्रासिएलाला," ओदिलिया म्हणाली. "तिनं तिच्या कोमाद्रेला. कोमाद्रे नाही अशी एक तरी बाई दाखवा गावात, डॉक्टर!"

डॉक्टरांनी तुलनेतल्या दहाही नावांवर रेघ मारली, मग माझ्या. "तुलनाच उरली नाही. वर्ग इथंच थांबणार."

"थांबेना का!" ओदिलिया म्हणाली. "दहाजणींना शिकवलंत, वीसजणी शिकल्या. तेवढं लिहा."

भट्टीवरच्या बायका हसल्या. मला मात्र रडू फुटलं. सगळ्यांपर्यंत पोचलं ते माझ्याच तोंडून. उरलेले दोन गुरुवार आता मला कोण सांगणार?