तुळईला टांगलेला फळा

मित्रांनो, माझ्या अंगावर आता मधोमध एक लांब चीर आहे. ती कशी पडली ते सांगताना आजही मला भीती वाटते. पण सांगितलं पाहिजे. मी एक फळा आहे, जुना आणि निकामी झालेला.

बेलापूरच्या सहादेव सुताराने मला सागाच्या पाच फळ्या जोडून बनवलं. तिथून पुणतांब्याच्या अलीकडच्या एका खेड्यात, नव्या हायस्कुलात आलो. नवं म्हणायचं आपलं. वर्ग भरत होते जुन्या गोदामात. दर दिवाळीनंतर मुली टॉर्चचे जुने सेल फोडून त्यातली काळी भुकटी पाल्याच्या रसात कालवत आणि मला माखत. त्या दिवशी मी नवरदेवासारखा ऐटीत असे! भिंत कच्ची होती, खिळा धरत नव्हती. म्हणून मला वरच्या कडुलिंबाच्या तुळईला दोन तारांनी टांगलं होतं.

१९९६ सालच्या पावसाळ्यानंतर तुळईत काहीतरी बिघडतंय हे मला पहिल्यांदा जाणवलं. तुळईतून बारीक करकर यायची. सकाळी माझ्या माथ्यावर पिवळसर भुगा दिसायचा. गोजरबाई शिपाईण तो फडक्याने पुसून टाकायची आणि कामाला लागायची.

त्याच वेळी शाळेच्या मान्यतेची तपासणी ठरली. मुख्याध्यापक काकासाहेबांनी सगळं गोदाम चुन्याने रंगवून घेतलं. तुळईसुद्धा. वाळवीच्या वाटा पांढऱ्या झाल्या आणि दिसेनाशा झाल्या. करकर मात्र चालूच होती.

नववीला इंग्रजी शिकवायचे राधाकृष्ण सर. त्यांनी तपासणीसाठी जोडविशेषणांचा पाठ बसवला. आठ दिवस तोच. "दोन शब्दांचं लग्न लावायचं आन् मधी ही बारकी आडवी रेघ मारायची," ते म्हणत. "रेघ म्हंजे अंतरपाट न्हाई बरं का, गाठ हाय गाठ!" मग माझ्यावर खडूने लिहीत: हार्ड-वर्किंग शेतकरी, काइंड-हार्टेड आजी, सन-ड्राइड मिरची. सिक्स-मंथ-ओल्ड वासरू लिहून बजावत, "महिने सहा असले तरी मंथला एस लावायचा न्हाई." मुलं पोट धरून हसत आणि शिकत. उत्तर येणाऱ्याने उजवा हात वर करायचा, न येणाऱ्याने डावा, म्हणजे तपासणीला येणाऱ्या साहेबांना सगळेच हुशार दिसतील, हेही त्यांनीच शिकवलं होतं.

पहिल्या बाकावर, बरोबर तुळईखाली, भारती आणि अश्विनी बसत. भारती शांत मुलगी. पण पाठ चालू असताना तिचे डोळे माझ्या वर, तारांकडे जात. वर्गात ती करकर ऐकणारी ती एकटीच होती.

तपासणीच्या दिवशी सगळे हात वर झाले. सरांनी भारतीचा उजवा हात पाहून तिला उठवलं. तिने काइंड-हार्टेड घडाघडा सांगितलं. साहेब म्हणाले, "पाठ केलेलं नको. या खोलीतलं काहीतरी बघून नवीन सांग."

भारतीने मान वर केली. "व्हाइट-अँट-ईटन बीम, सर." मग हळूच म्हणाली, "वाळवीनं खाल्लेली तुळई."

काकासाहेबांचा चेहरा उतरला. साहेब मात्र खूश! "वा, तीन शब्द जोडलेस! शाब्बास!" म्हणाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या आवाजाने माझ्या माथ्यावर चिमूटभर भुगा पडला. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते चहाला गेले. वर कोणीच पाहिलं नाही. मला ओरडावंसं वाटलं, पण फळ्याला कुठलं तोंड!

शाळा सुटल्यावर भारती थांबली. "सर, मी नुसतं उदाहरण न्हाई दिलं. ती खरंच खाल्लीय."

सर माझ्यावरचा खडू पुसत राहिले. "मला म्हाईत हाय, पोरी. आत्ता बोललं तर मान्यता जाईल, तुमची धावी बुडंल. पत्र येऊ दे, लगीच तुळई बदलू."

दुसऱ्या दिवसापासून भारती सकाळी लवकर येऊन आपला बाक ओढून मागे घ्यायची. गोजरबाई "रांग मोडू नगं गं" म्हणत तो पुन्हा पुढे ढकलायची. मी रोज पाहत राहायचो, आज बाक कुठे राहतो ते.

तेराव्या दिवशी, गुरुवारी, गोजरबाई रजेवर होती. बाक मागेच राहिला. दुपारी वारा सुटला, पत्रे थडथडले आणि करकर एकाएकी थांबली. सर माझ्यासमोर उभे राहून लिहीत होते. भारती किंचाळली, "सर, मागं व्हा!"

सर वळले. तेवढ्यात तुळई मोडली आणि मी खाली आलो. सगळ्या वजनानिशी मीच त्यांच्या पायांवर पडलो, आणि मला मधोमध चिरत तुळई माझ्यावर आली. मुली वाचल्या. सर जगले, पण त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ज्यांनी माझ्यावर इतकी वर्षं लिहिलं, त्यांचा पाय माझ्यामुळे गेला. हे दुःख मला कोणत्याही डस्टरने पुसता येत नाही.

भारती सरांना बघायला दवाखान्यात गेली होती. परत आल्यावर ती अश्विनीला म्हणाली, "सर रडले. म्हनले, तू सांगितलंस आन् मी थांबलो."

मित्रांनो, लाकडाला तेल द्या, वाळवीला औषध घाला, हे तर कराच. पण एखादं मूल वर बोट दाखवून काही सांगत असेल, तर त्याच्या इंग्रजीला शाबासकी नंतर द्या. आधी मान वर करून पाहा.