पन्नास की पस्तीस?

मित्रांनो, मी तुमच्या मुठीत मावेन, पण हातात घेतलेत तर एखाद्या मोठ्या पेरूएवढी जड लागेन. मी एक जुनी लेन्स आहे. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसायचे आणि समोरचे जग उलटे करून आत पोहोचवायचे, हे माझे काम. माझ्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत ५० हा आकडा कोरलेला आहे. तेच माझे नाव आणि तोच माझा स्वभाव. मी फार लांबचे पाहत नाही आणि फार पसरूनही पाहत नाही. माणूस माणसाकडे पाहतो, साधारण तसे पाहते.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझी सहा भिंगे घासून घासून अशी स्वच्छ केली की त्यांत काच आहे हेच कळू नये. मग सहा पातळ पाकळ्या बसवल्या. ऊन जास्त असले की त्या मिटायच्या, अंधारले की उघडायच्या. मला सायगॉन शहरातल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरने विकत घेतले. देश सोडून मुलाकडे जायची वेळ आली तेव्हा त्याने मला आपल्या शिष्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "शर्टाच्या टोकानं पुसणार नाहीस, एवढंच वचन दे."

त्या शिष्याचे नाव तोआन. तो मला त्याच्या गावी, ह्वेला घेऊन आला. आम्ही दोघे एकत्र म्हातारे झालो, म्हणून त्याच्याबद्दल मी एकेरीतच बोलते.

बाजारामागच्या गल्लीत तोआनने फोटोचे दुकान काढले. दुकान खाली, घर वर. लग्नाचे, शाळेचे, ओळखपत्राचे, सगळे फोटो आम्ही काढले. पण आमचे नाव झाले ते देव्हाऱ्यावरच्या फोटोंमुळे. ह्वेमध्ये साठी उलटली की माणसे ठेवणीतला लांब अंगरखा घालून दुकानात येत, आपण गेल्यावर घरच्या देव्हाऱ्यावर ठेवायचा फोटो स्वतः पसंत करून काढून घेत आणि कपाटात जपून ठेवत. त्यात दुःखाचे काही नसे. म्हातारे लोक त्या दिवशी थट्टामस्करी करत येत आणि जाताना कमळबियांची खीर खाऊन जात.

तोआनचा एक नियम होता. माणसाला खुर्चीवर बसवायचे आणि आपण मोजून तीन पावले मागे जायचे. त्याहून जवळ गेले की नाक फुगते आणि कान पळून जातात, असे तो म्हणे. मग तो पहिल्या बाळंतपणाची नाहीतर तरुणपणीच्या नावेची गोष्ट काढी. समोरचा चेहरा सैल पडला की माझ्या पाकळ्या उघडत आणि मिटत. एकदा एक सून सासूबाईंचा फोटो न्यायला आली आणि बघतच राहिली. "काका, थोडा पुसट करता येईल का हो? जिवंतपणी रोखून बघतात तेवढं पुरे आहे." तोआन ती गोष्ट वर्षभर सगळ्यांना सांगत होता.

पण मित्रांनो, ज्या घरात मी इतकी वर्षे राहिले त्या घरचाच एक फोटो माझ्याकडून राहिला. तोआनची बायको साम दुकानात रंगीत पडदे शिवून द्यायची, येणाऱ्या बायकांचे केस नीट करायची, स्वतः मात्र कधी खुर्चीत बसली नाही. "तुझा काय, कधीही काढू," असे तोआन म्हणे आणि तीही मान हलवी. सेहेचाळिसाव्या वर्षी तापाने तिला चार दिवसांत नेले. देव्हाऱ्यावर ठेवायला फोटो शोधला तर कुणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यात, अगदी कडेला, ती अर्धी वळून उभी होती. तोच चेहरा तोआनने कापून मोठा केला. मोठा होता होता तो पुसट झाला. त्या पुसट फोटोसमोर तोआन रोज उदबत्ती लावी. त्याने एका शब्दानेही मला दोष दिला नाही. पण पुढे कितीतरी दिवस तो मला हातात घेई आणि न वापरताच खाली ठेवी.

मग डिजिटल कॅमेरे आले. फिल्म मिळेनाशी झाली. तोआनचे हातही थरथरू लागले होते. त्याची मुलगी लिएन संगणक शिकून आली आणि दुकान तिने चालवायला घेतले. तिच्या नव्या कॅमेऱ्याला त्याचीच एक लेन्स होती, पुढे-मागे सरकून जवळचे-लांबचे दाखवणारी. मला बिस्किटांच्या डब्यात ठेवले गेले. ह्वेची हवा किती दमट, हे मला तेव्हा कळले. एका वर्षी पुराचे पाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढले आणि त्यानंतर माझ्या आत बुरशी धरली. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे काचेवर पसरत गेले. डब्यात अंधारच होता, त्यामुळे मला काही दिसेनासे झाले आहे हे मलाही उशिरा उमगले.

माझी सुटका झाली ती लिएनच्या अडचणीमुळे. ताम जांगच्या खाडीवर पिढ्यान्‌पिढ्या नावेत राहणाऱ्या लोकांना सरकारने काठावर घरे बांधून दिली होती. तिथल्या अकरा म्हाताऱ्यांचा एकही फोटो नव्हता. लिएनने त्या सगळ्यांचे फोटो फुकट काढून द्यायचे कबूल केले. पण ती घरे अंधारी, आणि तिच्या सरकत्या लेन्सला अंधारात धड दिसत नसे. भरपूर उजेड आत घेणारी, एकाच मापाची साधी लेन्स हवी होती. तोआनने लगेच डबा उघडला. एका कारागिराने मला खोलून, पुसून, पुन्हा जोडून दिले. कडेला एक डाग राहिला तो राहिलाच. नव्या कॅमेऱ्यावर मी बसावे म्हणून मध्ये एक कडीही मिळाली.

त्याच दिवशी लिएन ओळखीच्या दुकानातून आठवड्यासाठी दुसरी एक लेन्स मागून घेऊन आली. ती नवी कोरी होती, हलकी, स्वतःच नेम धरणारी. तिच्या अंगावर ३५ लिहिले होते. आकडा जितका लहान, तितके लेन्सचे पाहणे पसरट. आम्हा दोघींना जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. खरे सांगते, मला तिचा राग आला.

तोआनलाही आला. माणसाचा चेहरा काढायचा तर पन्नास, असे त्याने ठणकावून सांगितले. लिएनने एक जुना फोटो घेतला आणि चारी बाजूंनी कागदाच्या पट्ट्या ठेवून तो लहान करून दाखवला. "बाबा, माझ्या कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर तुमच्या फिल्मपेक्षा लहान आहे. पन्नासचं बघणं कडेनं असं कापलं जातं. तुमच्या पन्नासचं काम माझ्याकडे पस्तीस करते."

"कापलं जातं तर मागं सरकायचं."

"आणि मागं भिंत असली तर?"

"मग मला ने बरोबर," तोआन म्हणाला. "मी बघतो भिंत कुठं आहे ते."

दोन दिवसांनी आम्ही खाडीवर गेलो. लिएनने बापाचा मान ठेवून मलाच कॅमेऱ्यावर चढवले होते. पस्तीस पिशवीत होती. सकाळी अंगणात म्हातारी माणसे एकेक करून बाकावर बसली. कुणी उसना अंगरखा घातला होता, कुणी तोंडातले पान थुंकायला तयार नव्हते. मागे जायला हवी तेवढी जागा होती. तोआन लांबून हातवारे करून लिएनला मागे सरकवत होता. दहा चेहरे मी टिपले. इतक्या वर्षांनी उन्हात पाहताना मला काय वाटले ते सांगता येणार नाही. लिएनने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवले तेव्हा एक आजोबा आपल्याच गालाला हात लावून बघत होते.

अकरावी राहिली ती मेन आजी. कंबरेचे हाड मोडल्यापासून ती अंथरुणावरच होती, म्हणून आम्हीच तिच्या खोलीत गेलो. खोली म्हणजे नावेएवढीच रुंद. लिएनने कॅमेरा डोळ्याला लावला आणि मला दिसले ते आजीचे नाक, एक डोळा आणि हनुवटीचा तुकडा. लिएन मागे सरकली तशी तिची पाठ भिंतीला टेकली. तोआनने तिला दाराबाहेर उभे केले. तिथून नुसती चौकट आणि आजीचे पाय दिसू लागले. तो खिडकीकडे गेला, तर खिडकीपुढे शेजारच्या घराची भिंत. तोआन परत आला आणि पलंगाशी उभा राहिला.

आजी हे सगळे बघत होती. तिच्या उशामागे भिंतीवर एक जुने वल्हे टांगलेले होते. तिचा नवरा वादळात गेला होता. त्याचा फोटो कधी निघालाच नव्हता, परत आले ते हे वल्हे. देव्हाऱ्यात त्याच्या नावाची नुसती चिठ्ठी होती.

"पोरी," आजी म्हणाली, "मला एकटीला नको काढूस. ते वल्हंही येऊ दे. माझ्या नातवंडांना आजोबा म्हणून दाखवायला दुसरं काय आहे माझ्याकडं?"

लिएनने बापाकडे पाहिले. तोआनने पिशवीत हात घातला, पस्तीस बाहेर काढली आणि तिच्या हातात दिली. मला त्याने कॅमेऱ्यावरून उतरवून आपल्या तळहातावर धरले. झाकण लावायचे तो विसरला, म्हणून पुढचे मला दिसले. लिएन आजीच्या तोंडाशी गेली नाही. भिंतीला टेकूनच राहिली आणि खोलीला फोटोत येऊ दिले. आजी, तिची उशी, खिडकीतून आलेला उजेड, आणि आडवे टांगलेले ते वल्हे, सगळे मावले. नाक फुगले नाही आणि कान पळाले नाहीत. तोआनने पडद्यावर डोळे बारीक करून दोनदा पाहिले.

"छान आलंय," तो म्हणाला.

माझा राग त्या खोलीतच गेला. मित्रांनो, मी वाईट नव्हते. मी त्या खोलीत मावत नव्हते, इतकेच.

पस्तीस परत करायचा दिवस आला. लिएन ती कापडात गुंडाळत होती, तेवढ्यात तोआन वरच्या मजल्यावरून खाली आला. त्याने निळा अंगरखा घातला होता, डोक्याला काळी पगडी नीट बांधली होती. असे नटलेले मी त्याला लेकीच्या लग्नानंतर पाहिले नव्हते.

"परत द्यायच्या आधी माझा एक काढ," तो म्हणाला.

लिएनने वर्षानुवर्षे त्याच्यामागे धोशा लावला होता आणि तो दरवेळी काहीतरी काम काढून उठून जात असे. आता ती लगबगीने खुर्ची सरळ करू लागली, मागे पडदा ओढू लागली. मलाही तिने टेबलावर काढून ठेवले. या फोटोला बाबांची पन्नासच हवी, असे ती म्हणाली. खाली दुकानात तीन पावले मागे जायला जागाही होती. पण तोआन खुर्चीत बसला नाही. तो पुन्हा जिना चढू लागला. लिएन एका हातात आम्हा दोघींना आणि दुसऱ्या हातात कॅमेरा घेऊन त्याच्यामागून वर गेली. देव्हाऱ्याची खोली चिंचोळी होती. तोआन सामच्या फोटोपुढे स्टुलावर बसला आणि बाजूला थोडासा सरकला, म्हणजे ती झाकली जाऊ नये.

"इथं काढ. तिच्यासकट."

"बाबा, देव्हाऱ्यावर असा फोटो कुणी ठेवत नाही. एकट्याचा लागतो, मागं कोरा पडदा."

"लोकांचे फोटो मीच काढत आलोय ना इतकी वर्षं? मला माहीत आहे काय लागतं ते." मग त्याने आवाज खाली आणला. "तिला मी उद्या, उद्या करत राहिलो, लिएन. घोळक्यातून कापून काढावी लागली मला ती. आता माझ्या फोटोत तरी तिला नीट जागा दे."

लिएनने डोळे पुसले. मला देव्हाऱ्याच्या कडेवर ठेवले आणि कॅमेऱ्यावर पस्तीस चढवली. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि बराच वेळ तशीच थांबली, कारण तोआनचा चेहरा ताठ झाला होता. मग तिने बापाचीच युक्ती केली. विचारले, "बाबा, आई पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा काय म्हणाली होती?" तोआन मान थोडी वळवून हसला, म्हणाला, "म्हणाली, तुमचे पडदे मेले किती घाण आहेत." तेवढ्यात तिने बटण दाबले.

त्या फोटोत तोआन स्पष्ट आहे. हाताच्या शिरासुद्धा मोजता येतात. मागे साम आहे, आधीइतकीच पुसट. पण ती अर्धी वळून ज्या दिशेला बघत होती, त्या दिशेला आता तो बसला आहे.

लिएनने पस्तीस परत न करता विकतच घेतली. माझी मात्र पुन्हा बिस्किटांच्या डब्यात रवानगी झाली नाही. आता मी काचेच्या बरणीत राहते. तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी असते, ती ओल शोषून घेते. दर पौर्णिमेला लिएन मला बाहेर काढून उजेड दाखवते. अंगणात, घाटावर, बोटीवर, जिथे मागे सरकायला जागा असेल तिथे ती मलाच नेते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला दमट कपाटात कोंडू नका आणि शर्टाच्या टोकाने पुसू नका. नवी घ्यायची झाली तर पन्नास चांगली की पस्तीस, हे दुकानात उभे राहून ठरवू नका. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या खोलीत आधी जा, तुमच्या पाठीमागे भिंत कुठे आहे ते बघा, आणि त्याला आपल्या शेजारी कोण हवे आहे ते विचारा. आणि घरातले जे माणूस "माझा काय, कधीही काढा" म्हणते, त्याचा आजच काढा. लेन्स नसली तर आहे त्या मोबाइलवर काढा.

तोआन अजून आहे. सकाळी बाजारातून वाटीत वाफवलेल्या तांदळाच्या पिठाच्या वड्या आणतो, त्यांच्यावरचा कोळंबीचा चुरा आधी खातो आणि लिएनची बोलणी ऐकतो. त्याचा फोटो मोठा करून, काच लावून, कपाटात ठेवला आहे. ते कपाट उघडायची आमच्या घरात कुणालाच घाई नाही.