खालची खोली

मनोरमाबाईंनी स्वयंपाकघरातले दोन्ही नळ एकदम सोडले आणि जिन्याशी येऊन वर हाक मारली.

"मंजू, वरचा शॉवर चालू कर बघू."

वरून पाण्याचा आवाज आला. खालची धार जराशी बारीक झाली, पण तुटली नाही. मनोरमाबाईंनी मान डोलावली. दुबईच्या मिर्दिफ भागातलं हे घर पहिल्या परीक्षेत पास झालं होतं.

मंजुषा दुबईतल्या एका रीलोकेशन कंपनीत होती. परदेशातून, त्यातही इंग्लंडातून, येणाऱ्या कुटुंबांना घर, शाळा, डॉक्टर मिळवून देणं हे तिचं काम. घर दाखवायच्या आदल्या दिवशी ती स्वतः पाहून यायची आणि जाताना सासूला बरोबर न्यायची. मनोरमाबाईंना शारजाच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटं ठेवणं जिवावर यायचं म्हणून हे सुरू झालं. पुढे लक्षात आलं, की बाईंची नजर पक्की आहे. कपाटाचं दार करकरतं का, शेजारचं तळण घरात येतं का, तुळस ठेवली तर ऊन लागेल का, सगळं त्या पाहायच्या. गोऱ्यांना तुळशीशी काय करायचंय, असं मंजुषाने एकदा म्हणून पाहिलं होतं. पण तुळस जगेल असं सासूबाई ज्या घराबद्दल म्हणाल्या, तिथून तक्रारीचा फोन कधी आला नाही. ऑफिसात मंजुषाचं नाव झालं. त्यातला अर्धा वाटा कुणाचा, हे तिने तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि काम तर हल्ली उतू चाललं होतं. मंजुषा नोकरीला लागली तेव्हा इंग्लंडातून यायची ती तरणी पोरं. दोन वर्षं समुद्रावर लोळायचं, मौजमजा करायची आणि परत जायचं. मग मधली काही वर्षं फोन अगदी थंड. आता मात्र भरल्या संसाराची माणसं विचारत होती, पिकल्या केसांची विचारत होती, आणि परत जायचं नाव कुणी काढत नव्हतं. बातम्यांत आखाताचं नाव वाईट कारणाने आलं की फोन बंद पडायचे, आणि बातमी शिळी झाली की पुन्हा सुरू. तिकडचा पाऊस, तिकडचे टॅक्स, डॉक्टरसाठी लागणारी रांग, हे ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं. ज्या देशात जायला मिळालं नाही म्हणून आपण इतकी वर्षं मनात कुढलो, तिथली माणसं आपल्यालाच विचारतात की तुमच्याकडे कसं यायचं, याची तिला गंमत वाटायची. थोडं सुखही वाटायचं.

ते सुख गेल्या महिन्यात संपलं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये नव्या ब्रिटिश क्लायंटचं नाव वाचलं गेलं, आणि ते नाव तिच्या दिराचं होतं.

धाकटा दीर निखिल आणि त्याची बायको अस्मिता इंग्लंडात लेस्टरला स्थायिक झाले होते, पासपोर्टसुद्धा तिथलाच झाला होता. घरात शब्द चालायचा तो त्यांचा. चारुदत्त, म्हणजे मंजुषाचा नवरा, थोरला असून शारजात राहून रोज दुबईच्या ट्रॅफिकमध्ये तास घालवणारा. त्याचं कौतुक पुण्याच्या नातेवाइकांत कुणी करत नसे. अस्मिताने एकदा सासूला लोकरीचा निळा कार्डिगन पाठवला, तर मनोरमाबाईंनी तो वाळवंटात वापरून दाखवला. मॉलमध्ये, बँकेत, जिथे म्हणून एसी असेल तिथे निळा कार्डिगन. "धाकटीने पाठवलाय," असं त्या लिफ्टमध्ये अनोळखी बाईलाही सांगायच्या. रोजचा गरम फुलका थोरलीने केलाय, हे लिफ्टमध्ये सांगायची काही पद्धत नाही.

मंजुषाला मत्सर वाटत होता आणि तो मत्सरच आहे, हे तिला चांगलं माहीत होतं. काम दुसऱ्या कुणाला देता आलं असतं. तिने ते मागून घेतलं. निखिल फोनवर म्हणाला होता, "वहिनी, तुम्ही आईचं खूप केलंत. आता तिला आमच्याकडे नेतो." त्या 'खूप केलंत'ने तिची रात्रीची झोप गेली. सेवा संपल्यावर निरोप समारंभात बोलतात तसं ते बोलणं होतं. चारुदत्तला तिने हे सांगितलं, तर तो म्हणाला, बरंच आहे की, तुला जरा मोकळीक. नवरे कधीकधी किती थोडं पाहतात.

मनोरमाबाई आता स्वयंपाकघरातून आतल्या खोलीत गेल्या होत्या. मंजुषा खाली आली, तेव्हा त्या खिडकीपाशी घरमालकाने सोडलेल्या जुन्या खुर्चीवर बसलेल्या दिसल्या. खोली तळमजल्यावर, लागूनच बाथरूम, बाहेर शेवग्याचं झाड. जानेवारीचं ऊन थेट त्यांच्या गुडघ्यांवर पडलं होतं. शारजाच्या फ्लॅटमध्ये ऊन येत नाही. समोरची बिल्डिंग ते अडवते. हिवाळ्यात उन्हासाठी त्या खाली पार्किंगमध्ये वॉचमनच्या शेजारी स्टूल टाकून बसायच्या.

त्यांनी कार्डिगन काढला, घडी घातली आणि मांडीवर ठेवला.

"जरा बसू या?" त्या म्हणाल्या. "घाई नाही ना तुला?"

मंजुषाने नाही म्हटलं आणि दारातच उभी राहिली. घर उत्तम होतं. भाडं निखिलच्या कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेत बसत होतं. जिना चढता न येणाऱ्या बाईसाठी याहून चांगली खोली दुबईत मिळाली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एजंट रामेश्वरचा फोन आला. मंजुषाचे हात कणकेत होते, म्हणून तिने तो स्पीकरवर घेतला. मनोरमाबाई समोर मेथी निवडत होत्या.

"मॅडम, मिर्दिफवाला विला दस बजे खोल दूँ?"

"नहीं, आज रहने दो," मंजुषा म्हणाली. "इनको दूसरी तरफ दिखाती हूँ."

मनोरमाबाईंनी एक पिवळं पान बाजूला काढलं आणि पुढची जुडी सोडली.

मग दिवसभर मंजुषाने दुबईत येऊन हॉटेलात उतरलेल्या निखिल आणि अस्मिताला घरं दाखवली. एकाहून एक देखणी घरं, कुठे पोहण्याचा तलाव, कुठे संगमरवरी जिना. झोपायच्या खोल्या सगळ्या वर. खाली असायची ती फक्त कामवालीची खोली, बिनखिडकीची, वॉशिंग मशीनच्या शेजारी. प्रत्येक घरात अस्मिता आधी तीच खोली उघडायची, आत डोकावायची आणि दार लावून घ्यायची. एका घरात तर आत जाऊन खाट कुठे मावेल ते हातांनी मापलं तिने, आणि मग मापणं अर्ध्यावर सोडून दिलं.

"इथे कसं ठेवायचं आईंना," ती म्हणाली. "वहिनी, तुम्ही पाठवलेल्या यादीत मिर्दिफचं एक होतं ना? खाली बेडरूम असलेलं?"

"ते गेलं," मंजुषा म्हणाली.

इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. गाडीत अस्मिता सांगत होती, की तिचं लायसन्स कालच झालं, नुसते डोळे तपासले आणि तिकडचं देऊन इकडचं घेतलं. मंजुषाला तेच लायसन्स मिळवायला दोन हिवाळे लागले होते. नापास झाली की ती पार्किंगमध्ये रडायची आणि मग तोंड धुऊन वर यायची. तिने ते सांगितलं नाही. नुसतं छान म्हटलं. खोटं बोलल्याबद्दल जी बारीक टोचणी लागली होती, ती त्या लायसन्सपाशी पार नाहीशी झाली.

संध्याकाळी सगळे शारजाला जेवायला आले. निखिलची मुलगी मिहिका सोफ्यावर फोन घेऊन बसली. आजीने काही विचारलं की "आय ॲम ओके, आजी" म्हणायची. चारुदत्त भावाला तिकडची विचारपूस करत होता. निखिल सांगत होता, की त्यांच्या गल्लीतले शेजारी पोर्तुगालला गेले, त्यापलीकडचे ऑस्ट्रेलियाला, ऑफिसात चहाला माणसं भेटली की दुसरा विषयच नाही. निघेन निघेन म्हणणारे वाढले, खरे निघाले थोडेच.

"आणि आम्ही निघालो ते काही उन्हासाठी नाही," अस्मिता मध्येच म्हणाली. "आईंपाशी कुणीतरी आपलं आहे, हे तिथून नुसतं फोनवर बघायचं. हेवा वाटायचा वहिनींचा."

मंजुषाच्या हातातली भातवाढी थांबली. अस्मिताने ते गोड बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. तिचे डोळे ताटात होते. मंजुषाला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. पण तेवढ्यात अस्मिताने फोन उचलला.

"वहिनी, ते मिर्दिफचं घर साइटवर अजून दिसतंय."

"काढायला वेळ लावतात ते," मंजुषा म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच कोरडा वाटला.

"तरी एक फोन करून बघाल?" निखिल म्हणाला. "आईसाठी तेच बरं होतं."

मंजुषाने सासूकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. मेथी त्यांनीच निवडली होती, फोन त्यांच्या देखत आला होता. आता त्या नुसतं "अगं, पण सकाळी" एवढं म्हणाल्या असत्या, तरी सगळं उघडं पडणार होतं. मंजुषाने भातवाढी भांड्यात ठेवली.

मनोरमाबाईंनी आमटीचा घोट घेतला, वाटी खाली ठेवली.

"पाहिलंय मी ते घर," त्या म्हणाल्या. "खालच्या खोलीत ऊन नाही. स्वेटर घालूनसुद्धा थंडी वाजली मला. तुम्ही घ्या आपलं हवं तसं वरच्या खोल्यांचं. मी येत जाईन चार-चार दिवस."

अस्मिता काहीतरी बोलणार होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि मग भात कालवायला लागली. निखिलने फोन उलटा ठेवला. विषय तिथेच मिटला, आणि चारुदत्तने लोणच्याची बरणी पुढे सरकवली.

मंजुषाला जे हवं होतं ते मिळालं होतं. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली.

पाहुणे गेल्यावर ती ओटा पुसत होती. मनोरमाबाई दारात आल्या, कार्डिगनची बटणं लावत. त्यांनी ओट्यावरची आमटीची वाटी उचलून सिंकमध्ये ठेवली.

"ते घर आता दुसऱ्या कुणाला दाखवशील ना?"

"हो," मंजुषा म्हणाली.

"मग दाखवायच्या आधी मला ने एकदा," मनोरमाबाई म्हणाल्या. "सकाळचं जाऊ. जरा वेळ बसेन तिथे."