उरलेले स्क्रू

घरात त्यांना सगळे ‘मिस्त्री’ म्हणत. कौतुकाने म्हणतात, असा त्यांचा समज होता. निवृत्त झाल्यापासून कुणी त्यांना काही विचारत नसे. विचारलंच तर काहीतरी बिघडल्यावर. त्यामुळे घरात काही बिघडलं की त्यांच्या जिवात जीव यायचा.

त्या सकाळी कपडे धुण्याच्या मशीनमधलं पाणी बाहेर जाईना. मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या, मशीन भिंतीपासून ओढलं आणि मागचं झाकण काढलं. समोरून काय, कुणीही उघडेल! पट्टा काढला, वायरी हुंगल्या, मोटरला दोन टपल्या मारल्या. सगळं परत बसवल्यावर नेहमीप्रमाणे थोडे स्क्रू उरले. कंपनी जास्तीचेच देते, असं ठरवून त्यांनी ते नेहमीप्रमाणे सदऱ्याच्या खिशात टाकले. मशीन ढिम्म.

“पंप गेलाय,” त्यांनी निदान केलं. “नवा आणतो.”

“आणा हो. सावकाश या,” बायको म्हणाली.

कोपऱ्यावर गेल्यावर कळलं, पाकीट घरीच राहिलं. स्वतःच्या विसरभोळेपणावर चरफडत ते परतले.

बायको मशीनपुढे जमिनीवर पालथी पडली होती, दातांत टॉर्च. तिने खालची छोटी झडप उघडली, पाणी ट्रेमध्ये उतरवलं, फिल्टर फिरवून बाहेर काढला आणि त्यात अडकलेला स्क्रू उपसून शेजारच्या बरणीत टाकला. बरणी अर्धी भरलेली होती.

मिस्त्री दारातच थिजले. सदरे त्यांचे, खिसे त्यांचे, स्क्रू त्यांचे. म्हणजे दुखणं त्यांनीच द्यायचं आणि बरं केल्याचं श्रेयही त्यांनीच घ्यायचं! आधी त्यांना हसू फुटलं. मग ही बाई इतकी वर्षं कशासाठी जमिनीवर लोळत होती ते उमगलं. पाकीट न घेताच ते पावलं न वाजवता बाहेर पडले आणि बराच वेळ उगाच फिरत राहिले.

परतले तेव्हा मशीन झोकात फिरत होतं.

“अहो, तुम्ही गेलात आणि सुरूच झालं बघा! सकाळी काय जादू केलीत कोण जाणे.”

एरवी मिस्त्रींची छाती फुगली असती. आज त्यांनी खिशातले स्क्रू काढून तिच्या हातावर ठेवले.

“पुढच्या वेळी,” ते म्हणाले, “टॉर्च मी धरतो.”