तिसरी खुंटी हलते

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. एकशे बारा कड्यांची, आणि लटकते मात्र एकाच कड्यावर! हसलात ना? हसा. या डोंगराची शेवटची चढण भिंतीसारखी उभी आहे आणि मला धरल्याशिवाय भल्याभल्यांना शिखर दिसत नाही.

एका लोहाराने मला भट्टीत घडवलं. "ही माझ्या नातवंडांनाही पुरून उरेल," असं तो म्हणाला होता. मग चौघांनी मला खांद्यावरून वर आणलं, खडकात पाच खुंट्या ठोकल्या आणि मला अडकवलं. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी माझ्यापुढे ही भली मोठी रांग लागते. नियम एकच. एका वेळी एकानेच मला धरायचं. वर पोचलेल्याने "सोडली!" असं ओरडायचं, मगच खालच्याने हात घालायचा. लोक वर जाऊन शिखराचे फोटो काढतात. माझा एकही नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पायथ्याशी तंबू लावून देणारे एक काका आणि मावशी आहेत. वीस वर्षं मावशी पाहुण्यांना "सोडली" ओरडायला शिकवत आल्या, पण स्वतः कधी वर गेल्या नव्हत्या. दोनदा माझ्यापर्यंत आल्या आणि वरची चढण बघून घाबरून परतल्या. काका चिडवायचे, "आमची ही पोहायला शिकवते, पण काठावरून!" मावशी हसायच्या, पण ते बोलणं त्यांच्या जिव्हारी लागायचं. एकदा तरी वर जायचंच, हा त्यांचा हट्ट होता.

परवा त्या तिसऱ्यांदा आल्या. काका आधी चढले आणि वर जाऊन दम खात बसले. ओरडायचं साफ विसरले! बराच वेळ वाट बघून मावशींनी मला धरलं. एकेक खुंटी चाचपत, हलवून बघत त्या निघाल्या. बरोबर मध्यावर आल्या आणि वरून आरोळी आली, "सोडली!"

मावशींना वाटलं, वरून कुणीतरी साखळीच सोडली! डोळे घट्ट मिटून त्या खडकाला बिलगल्या. मला ओरडावंसं वाटलं, "अहो मावशी, मी आहे ना इथे!" पण लोखंडाला कुठली वाचा? मग मावशींच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि भीती गेली ती गेलीच.

"अहो, आत्ता ओरडताय? मी अर्ध्यात लोंबकळत असताना?"

"अगं, पण मी ओरडायच्या आधी तू निघालीसच कशी?"

"थांबा, वर येते आणि सांगते!"

आणि आल्या की हो! तरातरा आल्या. माझ्यावरचा हात काढून त्यांनी अशी "सोडली!" ठोकली, की खालच्या रांगेने शिट्ट्या मारल्या. मावशी हसत होत्या, रडत होत्या. मी अभिमानाने इतकी फुगले, की कड्या तुटतात की काय असं वाटलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी मावशी वाटेची देखभाल करणाऱ्या कार्यालयात गेल्या. "साहेब, साखळीची तिसरी खुंटी हलते."

"रोज शेकडो माणसं जातात बाई. कुणाचीच तक्रार नाही."

"ती भराभर जातात. मी घाबरत गेले, म्हणून मला कळलं."

साहेबांनी मिस्त्री पाठवला. त्याने खुंटी ओढली, तर ती चक्क हातात आली! त्याचा चेहरा पांढराफटक पडला. वाट बंद ठेवून त्याने पाचही खुंट्या नव्या ठोकल्या आणि मला पोटभर तेल पाजलं.

मित्रांनो, डोंगर जरूर चढा. पण ज्याला धरून चढता, ते आधी हलवून बघा. आणि तुमच्यामागे कुणी भीत भीत येत असेल, तर त्याला हसू नका. तुमचा जीव कदाचित त्यानेच वाचवलेला असेल.