अल्कोहोल म्हणजे सुरमा

१९३६ साली मी नागपूरहून रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन अकोल्याकडच्या मालेगावला परत आलो. नोकरी मिळेपर्यंत वडिलांच्या किराणा दुकानात बसत असे. समोर दिलावरचाचांचं घर. ते आठवडी बाजारांत अत्तर आणि सुरमा विकत. एका सकाळी ते दुकानाच्या पायरीवर टेकले.

"जिनदास, आमच्या कमरुनले इंग्रजी शिकवशीन का? अकोल्याच्या जनाना दवाखान्यात पोरींले कंपाउंडर करून राह्यले. बाटलीवरचं वाचून मतलब सांगा लागते."

"शिकवतो की, चाचा."

"एकच डाव नेईन मी तिले. जमलं त जमलं. नाही त केनवडचं स्थळ आलंच हाय. मंग इंग्रजी कोनाले वाचून दाखवंल, बकरीले?"

कमरुन्निसाला अक्षरं पटकन आली. अर्थ मात्र टिकत नव्हते. मी पाटीवर 'अल्कली' लिहून 'क्षार' असा अर्थ सांगितला, तर दुसऱ्या दिवशी ती विचारी, "भाऊ, क्षार म्हनजे काय?" एका परक्या शब्दाचा अर्थ मी दुसऱ्या परक्या शब्दात सांगत होतो.

तिची आई अमीनाबी जवळच तांदूळ निवडत बसे. हिंगोलीच्या हकिमाची ती मुलगी. बापाने तिला औषधांची अरबी नावं अर्थासकट शिकवली होती. एकदा तिने सूप खाली ठेवलं.

"अल-कली? हे त अब्बाचं लफ्ज हाय! कली म्हनजे खाऱ्या झाडाची राख."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. खाऱ्या झाडांच्या राखेत सोडा असतो, हे मला ठाऊक होतं. अल्कली तर प्रयोगशाळेत रोज हाताळली होती. पण ती राख त्या नावातच बसलेली आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कमरुन मात्र तो शब्द पुन्हा कधी विसरली नाही.

मग आमची तीच रीत झाली. मी इंग्रजी शब्द म्हणायचा, चाचीला ओळखीचा वाटला तर तिने अरबी अर्थ सांगायचा. कॅम्फर म्हणजे काफूर, आपला कापूर. सिरप म्हणजे शराब. अरबीत कोणत्याही पेयाला शराब म्हणतात.

"म्हनजे खोकल्याची दवा बी शराबच?" चाचा दारातून ओरडले. "मौलवीसाहेबाले सांगू नोका, नाही त खोकूनच मरा लागंल."

शुगरला चाची 'सुक्कर' म्हणाली. त्या दुपारी गिऱ्हाइकाला साखर मोजताना माझा हात पोत्यातच थांबला. शर्करा, सुक्कर, शुगर. शब्द इथूनच निघाला होता. इराण, अरबस्तान फिरून विलायतेला गेला आणि औषधाच्या चिठ्ठीवर बसून परत आमच्या गल्लीत आला. गिऱ्हाईक म्हणालं, "झोपला का बे?" मी त्याला जरा जास्तच साखर दिली.

पुढच्याच दिवशी मी 'अल्कोहोल' लिहिलं.

"अल-कुहल," चाची म्हणाली. "सुरमा."

"नाही चाची, हे स्पिरिट. दारूतून काढतात."

"मंग मी काय दारू विकून राह्यलो का?" चाचा म्हणाले. सगळे हसले आणि मी पुढच्या शब्दाकडे वळलो.

उजळणीसाठी मी दुकानातल्या रिकाम्या बाटल्यांवर नावं चिकटवली आणि विचारलं, "बाईचे डोळे आलेत. काय देशील?" कमरुनने सरळ अल्कोहोलची बाटली उचलली.

सुरमा समजून तिने डोळ्यांत स्पिरिट घातलं असतं. बाटली रिकामी होती म्हणून ठीक. मी पाटी पुसली. "आजपासून अरबी बंद."

तिचा चेहरा उतरला. "मंग मले काहीच याद नाही राहनार, भाऊ. तुमचा क्षार मले खाराच नाही लागत. अन् अब्बा दुसऱ्या डाव नेनार नाहीत."

संध्याकाळी मी कॉलेजातला जाडजूड शब्दकोश काढला. तिथे लिहिलं होतं: अल-कुहल, सुरमा. नंतर कोणतीही अतिबारीक पूड. नंतर कोणत्याही पदार्थातून काढलेलं शुद्ध सार. आणि शेवटी, ऊर्ध्वपातनाने मिळालेलं मद्याचं सार. मी ते दोनदा वाचलं आणि शब्दकोश घेऊन तसाच रस्ता ओलांडला.

चाचीने ऐकून घेतलं. "अब्बा सुरम्याचा दगड खलत, गाळत, पुन्हा खलत. पार हवेसारका होये. मंग म्हनत, आता ह्याचा जीवच तेवढा राह्यला."

जीव. इंग्रजीत स्पिरिट म्हणजेही तेच. प्रयोगशाळेत भट्टीवरच्या काचपात्रातून एकेक थेंब पडताना मी कितीदा पाहिला होता, पण तो कशाचा जीव आहे हे मला तेव्हा उमगलं.

कमरुन सावकाश म्हणाली, "सुरमा दगडाचा जीव. हे दारूचा जीव. दगडाचा डोळ्यात, दारूचा जखमेवर."

"बस," मी म्हणालो. "अरबी चालू."

अकोल्याला मी आणि चाचा दवाखान्याच्या व्हरांड्यात, उघड्या खिडकीखाली उभे होतो. आत डॉक्टरीणबाई एकेक बाटली पुढे करत होत्या. कमरुन वाचून अर्थ सांगत होती. मग ती थांबली. चाचांनी अत्तराची पेटी छातीशी धरली.

"पढ़ो."

"अल्कोहोल."

"मतलब?"

मग कमरुन म्हणाली, "दारू का जीव."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "क्या?"

"स्पिरिट, मेमसाब. जखम पे लगाना. आँख में कभी नहीं."

"आँख का किसने पूछा?"

"किसीने नहीं. पर इसका नाम सुरमे का है. मैं एक बार धोका खा चुकी."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडून ते सगळं पुन्हा सांगून घेतलं. दगड, खल, दारू, थेंब. मधे त्या एकदा नुसतं "अच्छा!" म्हणाल्या, लहान मुलासारखं. मग म्हणाल्या, "पहली तारीख से आओ."

मोटारीच्या अड्ड्यावर चाचांनी पेटी खाली ठेवली. "केनवडले निरोप धाडा लागंल," एवढंच म्हणाले. मग त्यांनी पेटी उघडून सुरम्याची एक कुपी काढली आणि उन्हात धरली. कुपी त्यांनी हलवली तशी आतली काळी पूड पाण्यासारखी सरकली.

मोटार लागली, माणसं चढू लागली. आम्ही तिघंही कुपीकडे बघत उभे होतो.