दोनशे बारा किनारी

रुपराव धकाते यांचा लॅपटॉप निकामी झाला नव्हता. त्याला निकामी ठरवण्यात आले होते. या दोन गोष्टींमध्ये जेवढे अंतर आहे, तेवढ्यात एखादा अख्खा धंदा नामशेष होऊ शकतो, हे शोभाताईंना आयुष्यभराच्या अभ्यासातून ठाऊक होते. गेल्या दिवाळीपासून पडद्यावर रोज सकाळी सौजन्यपूर्ण इंग्रजीत एक सूचना उमटे: आपल्या प्रणालीस यापुढे सुरक्षेच्या सुधारणा मिळणार नाहीत, आणि आपले यंत्र नव्या प्रणालीस पात्र नाही. संगणकाच्या दुकानदाराने तिचा मराठी अनुवाद करून दिला होता. "काका, भंगारात द्या."

रुपरावांनी सक्करदऱ्याच्या घरात चाळीस वर्षे हातमागावर लुगडी विणली. माग थांबल्यावर पुतण्याने दिलेल्या या लॅपटॉपवर त्यांनी एक काम काढले. चित्र काढण्याच्या साध्या खिडकीत पडदा आठपट मोठा करायचा आणि एक चौकोन म्हणजे एक धागा धरून जुन्या लुगड्यांच्या किनारी त्यात उतरवायच्या. अकरा वर्षांत दोनशे बारा किनारी झाल्या. प्रत्येक फाइलच्या नावात किनारीचे नाव आणि ती ज्याने बसवली, म्हणजे पहिल्यांदा रचली, त्या माणसाचे नाव असे. किनारींची नावे व्यापाऱ्यांच्या तोंडी अजून थोडीफार शिल्लक होती. माणसांची नावे या एका यंत्राखेरीज कुठेही नव्हती.

शोभाताई रामदासपेठेत राहत. आर्थिक इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या ग्रंथात रुपराव एका तळटीपेत 'एक वयस्क विणकर' म्हणून येऊन गेले होते. रुपराव तेव्हा सेहेचाळीसचे होते. त्यांनी 'एक' माफ केले, 'वयस्क' केले नाही, आणि ते सांगायला म्हणून जे घरी आले ते दर सणाला येत राहिले.

"ताई, हे मशीन बिमार नाही," त्यांनी फोनवर सांगितले, "अन् हे लोक त्याले मयत सांगून राहिले. माह्या किनारींचं काय?"

शोभाताईंचा राग थंड असे. तो आवाज वाढवत नसे, संदर्भ वाढवत असे. लिनक्स नावाची एक मुक्त आणि मोफत प्रणाली जुन्या यंत्रांवरही चालते, एवढे त्यांच्या कानावर होते. तिचे शेकडो प्रकार निघाल्याचे समजल्यावर त्यांनी त्या प्रकारांची वंशावळ काढली, पाठभेद तपासले, एकशे चाळीस पाने छापून घेतली, आणि वीस दिवसांनी त्यांतली डेबियन निवडली. नवख्यांनी सोप्या वाटेने जावे असे बहुतेकांचे मत होते. पण डेबियनवाल्यांनी स्वतःसाठी घटना लिहिली होती, कलमांसकट. कंपन्यांच्या मर्जीवर चाललेल्या जगात कुणीतरी घटना लिहून ती पाळतो, हे शोभाताईंना पुरेसे होते.

रुपरावांना ते पुरेसे नव्हते. "फुकट देतात म्हणता. मंग त्यायचं पोट कशानं भरते?"

"काहींना पगार मिळतो. बरेचजण आपापल्या वेळात करतात."

"म्हणजे आमच्यासारखंच. हात हाये, भाव नाही."

"एक फरक आहे. ते काम कुणालाही उघडून पाहता येतं, बदलता येतं. पण आधी ज्यांनी केलं, त्यांची नावं त्यातून काढून टाकायची परवानगी नसते."

रुपराव म्हणाले, "तेच टाका."

रविवारी सकाळी शोभाताई डेबियन घातलेला पेन ड्राइव्ह आणि छापील पाने घेऊन सक्करदऱ्याला आल्या. रुपरावांच्या पत्नी रुखमाबाई उंबऱ्याशी अंबाडीची भाजी खुडत बसल्या होत्या. प्रत्येक मार्गदर्शिकेची पहिली ओळ एकच होती: आधी सगळ्याची प्रत काढून ठेवा. शोभाताईंनी विचारले, "किनारींची प्रत कुठे आहे?"

"डी मध्ये हाये ना," रुपराव म्हणाले. "दुकानवाल्यानं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. सी उडाला तरी डी ले काही होत नाही."

ही प्रत नव्हती. मूळच ते होते. परंतु या देशात कोट्यवधी माणसांनी आपले लग्नाचे फोटो, प्रबंध आणि जमिनीचे कागद याच एका श्रद्धेवर ठेवलेले आहेत. सी आणि डी हे यंत्रातले दोन कप्पे: सी कंपनीचा, डी आपला. प्रणाली बिघडते, दुकानदार सी पुसतो, डी अबाधित राहतो. शोभाताईंची स्वतःची अठरा वर्षांची टिपणे त्यांच्या संगणकाच्या डी मध्येच होती. त्यांनी मान डोलावली.

पडद्यावर पर्याय आले. एका भागाची जागा घ्या. संपूर्ण डिस्क पुसा. शोभाताईंना कंपनीचा मागमूस नको होता आणि डी ही दुसरी डिस्क आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. तिला ड्राइव्ह म्हणत, वेगळे अक्षर देत, मग ती वेगळी नसून काय असेल? त्यांनी दुसरा पर्याय निवडला. खाली दोन आडव्या रंगीत पट्ट्या उमटल्या. वरची आत्ताची डिस्क, खालची नंतरची.

रुपराव पुढे वाकले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला; जवळचे पाहताना ते तसेच करत.

"ताई, वरच्या पट्टीत तीन रंग हायेत. खालच्या पट्टीत एकच होऊन राहिला."

"ते नुसतं चित्र आहे, रुपराव. नवी रचना कशी असेल त्याचं."

"चित्रच तं पाहून राहिलो मी. हा रुंद पट्टा कुठी गेला?"

शोभाताईंनी समजावून सांगितले. प्रणाली आणि साठा यांतला भेद, नवी रचना जुन्यापेक्षा वेगळी का दिसते त्याची कारणे. सांगणे सुबोध होते, शांत होते, आणि त्यातले एकही वाक्य समोरच्या पट्टीबद्दल नव्हते.

"तुमी वाचलं हाये," रुपराव म्हणाले. "टाका."

शोभाताईंनी बटण दाबले.

पंचवीस मिनिटांनी यंत्र नव्या पडद्यावर उघडले. ते पूर्वीपेक्षा चपळ चालत होते, सूचना नव्हती, आणि रुपराव खूश होऊन हसले. मग म्हणाले, "आता डी दाखवा."

शोभाताईंनी फायलींची खिडकी उघडली. मग दुसरी. मग छापील पानांपैकी एक काढून त्यावरचे आपल्याच हाताने अधोरेखित केलेले वाक्य वाचले: संपूर्ण डिस्क म्हणजे तिच्यावरचे सर्व विभाग. डी ही वेगळी डिस्क नव्हती, त्यांतलाच एक विभाग होता. अधोरेखन लाल शाईत होते आणि नेमके होते. त्यांनी वाक्य वाचले होते. पट्टी पाहिली नव्हती. पट्टी पाहणारा माणूस शेजारी बसला होता, आणि त्याने विचारलेही होते.

"नाही आहे, रुपराव," त्या म्हणाल्या. "सगळं गेलं. मी घालवलं."

रुपरावांनी हात मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "तुमची काय गलती? मीच टाका म्हटलं."

"तुम्ही विचारलं होतं. मी उत्तर दिलं, पाहिलं नाही."

रुखमाबाई उठल्या, आत गेल्या आणि चहा ठेवला. त्या घरात यापेक्षा मोठ्या गोष्टी गेल्या होत्या आणि दर वेळी आधी चहाच झाला होता.

शोभाताईंनी तिथूनच प्रीती मेश्रामला फोन लावला. प्रीती नंदनवनात राहायची. शोभाताईंची जुनी विद्यार्थिनी, इतिहासात पहिल्या वर्गात एम.ए. आणि सध्या एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत नोकरीला. नोकऱ्यांच्या बाजारावर याहून वेगळे भाष्य करण्याचे कारण नाही.

"मॅडम, यानंतर त्याच्यावर काही केलं? काही उतरवलं, ठेवलं?"

"नाही."

"बंद करा. सुरू करून पाहूसुद्धा नका. मी येते न्यायला."

यंत्र प्रीतीकडे नऊ दिवस राहिले. त्या नऊ दिवसांत शोभाताईंनी रुपरावांना फोन केला नाही. जे बोलायला सुचले ते सगळे समर्थन होते.

दहाव्या दिवशी प्रीती यंत्र आणि शोभाताईंना घेऊन सक्करदऱ्याला गेली. तिने दोन पेन ड्राइव्ह रुपरावांपुढे ठेवले. "काका, एक तुमच्याजवळ, एक मॅडमजवळ. यातलं एक घराबाहेरच राहिलं पाहिजे. एकशे सत्त्याण्णव चित्रं निघाली."

रुपरावांनी एक पेन ड्राइव्ह उचलून तळहातावर धरला. "कशी काय निघाली?"

"पुसणं म्हणजे घासून काढणं नसतं. नवीन काही त्या जागी बसेपर्यंत जुनं तिथंच पडून राहते. तुमची ही डिस्क म्हणजे जुनी फिरती तबकडी हाये, म्हणून भेटलं. नवं मशीन असतं तर बहुतेक काहीच नसतं भेटलं." तिने दुसरा पेन ड्राइव्ह शोभाताईंना दिला. "पंधरा गेल्या, काका. अन् नावं गेली. चित्रं हायेत, पण नावं जिथं लिहिलेली होती नेमकी तेवढीच जागा भरली. आता प्रत्येकाले नुसता एक आकडा हाये."

नावांसाठीच तर ते काम होते.

"आकडे चालत नाही," रुपराव म्हणाले. "एकेक उघडा. मी सांगतो. ताई, तुमी लिहा."

प्रीती कामाला निघून गेली. नव्या प्रणालीवर तिने मराठी टंकलेखन चालू करून दिलेले होते. शोभाताई समोर बसल्या. पहिल्या दोन किनारी सहज झाल्या. तिसरी उघडली: हिरव्या-निळ्या ठिपक्यांची तिरकी रांग.

"मुंगीरांग. गणबाजी हेडाऊ."

"गणबाजीले रंग कुठं कळे?" रुखमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "त्याले हिरवा अन् निळा एकच दिसे."

रुपराव वळले. "मंग कोन बसवली?"

"त्याच्या बायकोनं. शामलानं. धाग्याच्या कांड्या ती भरे, रंग ती लावे. तो हाक मारून विचारे, आता कोनती देऊ म्हणून."

"पर इनली तं त्यानं ना वं."

"बंडी बैल ओढते. रस्ता बैलानं काढला का?"

शोभाताईंची बोटे कळांवर थांबली होती. "दोन्ही नावं लिहू का?"

रुपरावांनी चित्राकडे पाहिले, ठिपके मोजावेत तसे. "लिहा," ते म्हणाले. "शामला गणबाजी आधी. मंग गणबाजी."

रुखमाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि पाटावर बसल्या. त्यानंतर काम सावकाश होऊ लागले. पूर्वी एकट्याने दोनशे बारा नावे लिहिताना रुपरावांना कुठे अडखळावे लागले नव्हते. आता जवळजवळ दर दुसऱ्या किनारीला वाद होता. दोन ठिकाणी रुखमाबाई हरल्या आणि तसे म्हणाल्या. आठ ठिकाणी रुपराव हरले. संध्याकाळपर्यंत एकवीस किनारींना नावे मिळाली. जी मिळाली ती पूर्वीपेक्षा लांब होती.

बाविसावी उघडली तेव्हा रुपराव सरळ होऊन बसले. तांबड्यावर पांढरे करवतीचे दात, आणि प्रत्येक तिसऱ्या दातापाशी एक पिवळा धागा.

"ही माह्यावाली. सांगायची गरजच नाही. याच्यावर मले बक्षीस भेटलं होतं."

रुखमाबाई काही बोलल्या नाहीत. दिवसभरात पहिल्यांदाच बोलल्या नाहीत.

शोभाताईंनी 'रुपराव' हा शब्द लिहिला नाही. त्या थांबल्या आणि पाहत राहिल्या, पडद्याकडे नव्हे, रुखमाबाईंकडे.

"काहून?" रुपरावांनी विचारले. "हे बी तुह्यावालं होय का?"

"पिवळा धागा," रुखमाबाई म्हणाल्या. "लग्नात मी नेसली होती ते लुगडं आठवा. माहेरी ही किनार मीच बसवली होती. तुमी नंतर इनली."

रुपरावांनी चष्मा काढला. "पन्नास वर्सं झाली वं. बोलली काहून नाही?"

"बोलली असती तं तुमी इनली असती का?"

रुपरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"लिहा ताई," ते म्हणाले. "रुखमाबाई रुपराव धकाते."

"रुपराव कायले पाहिजे त्यात?" रुखमाबाई म्हणाल्या. "तवा मी निखाऱ्यायची पोरगी होती."

शोभाताईंनी लिहिले: पिवळी करवत, रुखमा निखारे. मग त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले, आणि दोघांनी हो म्हटल्यावरच ठेवले.